लिश्टनस्टाइनचं लाकडी घर

भिंतीवर ताणलेल्या चादरीवर किल्ला उमटला, तशा समोरच्या घरातल्या लताबाई म्हणाल्या, “सर, आतून कसा आहे हो?”

“आत सोडत नाहीत,” धोंडीराम पगारे सर म्हणाले. “राजाचं कुटुंब अजून तिथंच राहतं. आपण खालच्या रस्त्यावरून बघायचं आणि वळायचं.”

इंदिरानगरातल्या सरांच्या बैठ्या घरात रविवारी दुपारी शेजारपाजार जमला होता. खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला होता. स्लाइड दाखवायचं यंत्र सरांनी आपल्या जुन्या शाळेतून मागून आणलं होतं. जर्मनीत नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना उन्हाळ्यात बोलावून घेतलं, तेव्हा सरांनी एकच देश बघायला मागितला होता. लिश्टनस्टाइन. आल्प्समधला, आपल्या नाशिक तालुक्याहूनही लहान. भूगोल शिकवताना ते तो देश नकाशावर करंगळीच्या नखाखाली झाकून दाखवत आणि घरी मालनबाईंना म्हणत, रिटायर झालो की आपण दोघं जाऊन येऊ. मालनबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. सर एकटेच जाऊन आले.

किल्ल्याखालचे द्राक्षमळे आले. “हे तर आपलं पिंपळगाव!” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ऱ्हाइन नदीवरचा, छप्पर घातलेला लाकडी पूल आला. त्याच्या मध्यावर एक देश संपून दुसरा सुरू होतो, हे सरांनी दोनदा सांगितलं. मग डोंगरातल्या एका खेड्यातलं जुनं घर आलं. उन्हापावसानं लाकूड काळं पडलेलं. आत चूल, भिंतीला टांगलेले लाकडी चमचे, पाळणा आणि खुंटीवर एका बाईची शाल.

“इथं बरं आत सोडलं?” लताबाईंनी विचारलं.

“इथं कोणी राहत नाही ना आता. संग्रहालय केलंय. घरातलं सगळं जसंच्या तसं ठेवलंय.”

“मग झाडलोट कोण करतं, सर?”

आवाज दाराजवळून आला. तिथं सिस्टर बसली होती. सरकारी दवाखान्यात नर्स होती, हरसूलकडची. लताबाईंच्या पडवीत तात्पुरती राहत होती. सगळे तिला सिस्टरच म्हणत. गावाकडे तिची आई एकटी होती, आणि आईची नजर अधू होत चालली होती. आईला आणता यावं म्हणून मागच्या महिन्यात तिनं सरांना पाठीमागच्या दोन खोल्या भाड्यानं मागितल्या होत्या. “खोल्या रिकाम्या नाहीत,” सर म्हणाले होते. “बरं,” एवढंच म्हणून ती पायऱ्या उतरली होती.

“गावातली एक बाई येते,” सर सांगू लागले. “रोज धूळ पुसते. पाळणा पुसते. ती शाल झटकते, पुन्हा तिथंच...”

ते मध्येच थांबले. यंत्राचा पंखा घरघरत राहिला. पुढची स्लाइड येईना.

“दिवा गेला वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

“नाही. बाकीच्या पुन्हा केव्हातरी दाखवतो,” सर म्हणाले आणि त्यांनी उठून घोंगडी काढली. घरात एकदम ऊन आलं. माणसं डोळे चोळत, चपला शोधत बाहेर पडली.

“सिस्टर, तुम्ही जरा थांबा.”

सरांनी मागचं दार उघडलं. आत खाटेवर धुतलेला पलंगपोस होता, एक चुणीसुद्धा नसलेला. दोरीवर मालनबाईंचं निळं पातळ. खिडकीत चष्मा, कंगवा आणि अर्धवट विणलेला लहान मुलाचा स्वेटर. कुठं धुळीचा कण नव्हता.

“तुमच्याशी मी खोटं बोललो नव्हतो,” सर म्हणाले. “खोल्या खरंच रिकाम्या नाहीत.”

सिस्टर उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, “मला वाटलं, माझ्या जातीमुळं नाही म्हणालात.”

“जात? अहो, मी तुमचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं!”

“तसंच असतं, सर. न विचारताच नाही म्हणतात. खोली रिकामी नाही म्हणतात.”

सर खाटेवर बसले. पलंगपोसाला चुण्या पडल्या, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना तरुणपणचे दिवस आठवले. नवीन लग्न झालेलं, नवी नोकरी. वळकटी खांद्यावर घेऊन ते आणि मालन नाशिकच्या गल्ल्यांतून हिंडत होते. दारं उघडत, माणसं दोघांकडे खालून वर बघत आणि गोड आवाजात तेच वाक्य सांगत. त्या संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसून मालन रडली नव्हती. आपलं घर बांधायचं, एवढंच म्हणाली होती. म्हणून तर पोटाला चिमटा काढून दोघांनी इथं, तेव्हाच्या उघड्या माळावर, हे घर उभं केलं होतं.

“तुमचं नाव काय?” सरांनी विचारलं.

“नवसाबाई.”

“नवसाबाई, आईला कधी आणता?”

पुढच्या रविवारी हरसूलच्या एस.टी.नं नवसाबाईच्या आई, अक्काबाई आल्या. सोबत नागलीच्या पिठाचं गाठोडं. मागच्या खोल्यांतलं पातळ, चष्मा, विणकाम, सगळं सरांनी आदल्या दिवशी पेटीत भरलं होतं. भरताना एकदा बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले होते. अक्काबाईंनी भिंत चाचपली, खिडकी चाचपली, आणि दाराशी फरशीवर बसकण मारली.

“खाली कशाला? वर बसा, ताई,” सर म्हणाले.

अक्काबाईंनी हात लांबवून खाटेचा पाय चाचपला आणि झटकन हात मागे घेतला. “नको दादा. कोनाची हाय ही खाट?”

नवसाबाईनं सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सरांनी पलंगपोसावरून एकदा हात फिरवला.

“तुमची,” ते म्हणाले.