भरलेला फ्रीझर

साडेसहा झाले तरी बेल वाजली नाही. टेबलावर स्टीलच्या चाळीस गाळण्या वाण म्हणून मांडून ठेवल्या होत्या. शैलजा काळी साडी नेसून सोफ्याच्या कडेला टेकली होती, परक्याच्या घरी आल्यासारखी.

"येतील गं," आतल्या खोलीच्या दारातून तिचा नवरा नंदू म्हणाला. "स्टेडियमच्या कामापायी अर्धं अल रय्यान खोदून ठेवलंय."

"तुमच्याच कंपनीने खोदलंय ना? मग त्याला नावं ठेवू नका." तिने कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं. "रस्त्याचं कारण नाही. बायकांना कळलंय."

काय कळलंय, ते नंदूला माहीत होतं.

तेलाचा भाव पडला आणि आखातात अल खोरकडच्या गॅस कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली, तेव्हा नंदूला धंदा सापडला. एका अमेरिकन माणसाचे व्हिडिओ बघून तो शिकला होता. घर विकत न घेता विकायचं. अडलेला मालक गाठायचा, थोडा इसार टेकवायचा, करारात आपल्या नावापुढे 'किंवा ते सुचवतील ती व्यक्ती' असं लिहून घ्यायचं आणि दीड महिन्यात दुसरं गिऱ्हाईक उभं करून मधली मलई खायची. इथल्या प्रत्येक मराठी घराचा पुण्यात नाहीतर नाशकात हप्त्यांवरचा एक फ्लॅट होताच. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की बँक दारात येते. अडला हरी कोणाचेही पाय धरतो, एवढीच त्या व्हिडिओंची अक्कल.

पण अडलेला माणूस सांगतो थोडाच. कामावरून काढल्याचं पत्र मिळालं तरी तो महिनाभर टाय लावून फिरतो. बायकोही हसत असते. गेल्या वर्षी नंदूच्या डोक्यात संक्रांत आली. हळदी-कुंकवाला बाई थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते.

"पाणी घ्यायच्या निमित्ताने आधी फ्रीझर उघडायचा," त्याने शैलजाला पढवलं होतं. "जाणारं घर फ्रीझर भरत नाही. मग विचारायचं, पुढच्या वर्षाची शाळेची फी भरली का. किमतीचं मी बघतो."

पहिल्यांदा ती चिडली. "मी कुंकू लावून घ्यायला जाते, पंचनामा करायला नाही." पण गेली. गार्गीच्या घरी गेली, गार्गीच्या हातचा तिळगूळ खाल्ला आणि घरी येऊन सांगितलं, फ्रीझरमध्ये बर्फ सोडून काही नाही. आठवड्याने नंदूने गार्गीच्या नवऱ्याला, मिहीरला, सहज म्हणून फोन केला. पुण्याचा फ्लॅट निम्म्या किमतीहून थोड्या जास्तीला मिळाला. मिहीर आता मुलाला घेऊन पुण्यात भाड्याने राहत होता, त्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये. गार्गी नोकरी मिळाली म्हणून इथेच राहिली.

त्या संक्रांतीत अशी चार घरं झाली. शैलजा गोड बोलून आली की पंधरा दिवसांत त्या घरी फोन वाजायचा. बायका हिशोबात कच्च्या नसतात. यंदा तिला एकही बोलावणं आलं नाही.

"हे कायमचं थोडंच आहे," नंदू म्हणाला. "आणि आपल्याला कोणाची गरज पडणार आहे? वर्ल्ड कप होईपर्यंत आमच्या कंपनीला हात लावायची कोणाची टाप नाही. गॅसवाले रडतील. आपण नाही."

बेल वाजली.

शैलजा धावलीच. दारात गार्गी. एकटी. काळा कुर्ता, हातात तिळगुळाची पुडी. शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने इतकं कुंकू लावलं की थोडं गार्गीच्या नाकावर सांडलं.

"तुम्ही तरी आलात."

"येणारच ना, वहिनी. तुम्ही माझ्याकडे आला होतात." गार्गीने गाळणी घेतली, उलटसुलट करून पाहिली. "छान आहे. थोडं पाणी मिळेल? बसा, बसा, मी घेते."

ती स्वयंपाकघरात गेली. बाटली समोर ओट्यावर होती. तिने फ्रीझर उघडला. नंदू खोलीतून बाहेर आला तो तिथेच थबकला. ओलं खोबरं, पुरणाचे डबे, सुरमईच्या तुकड्या, नाशिकहून आणलेली वाटाण्याची पाकिटं. दार लागत नव्हतं इतका भरला होता. गार्गी बराच वेळ आत बघत राहिली.

"अजून भरताय," ती हळू म्हणाली. मग दार दाबून लावलं. "मुलीची पुढच्या वर्षाची फी भरलीत का?"

"कालच भरली," शैलजा म्हणाली. हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. तिने नंदूकडे बघितलं.

नंदू हसला. हसणं ओठांवरच राहिलं. "काय, धंदा शिकताय का आमचा? बरं, नोकरी कुठे मिळाली म्हणालात तुम्हाला?"

"तुमच्याच कंपनीत, भावजी. मेन ऑफिसला, एचआरमध्ये. पत्रं टाइप करते." गार्गी पाणी प्यायली, तिने ग्लास विसळून पालथा घातला. "तुमचा नाशिकचा फ्लॅट कितीला द्याल?"

"विकायचाय कोणाला?"

तिने पुडीतला एक लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

"आज नका सांगू," ती म्हणाली. "पत्रं गुरुवारी देतात. मी शुक्रवारी फोन करते."