समासातली चूक

मी मुद्रितशोधक. युद्धावरचं पुस्तक असो की सिनेमा, त्यातली चूक शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. काल एका जाडजूड पुस्तकात वाचलं, 'त्या डोंगरावरच्या चौकीतून एकही सैनिक परत आला नाही.'

अरे, माझा सख्खा मामा त्याच चौकीतून परत आलाय! पेन्सिलीनं समासात ठळक 'चूक' लिहिलं आणि तडक त्याचं घर गाठलं.

"मामा, या प्रकाशकाची बिनपाण्यानं करतो बघ!"

मामा नेहमीसारखा दाराकडे तोंड करून बसला होता. दाराची कडी लागलीय ना, हे तो दोनदा उठून बघून आला. मग त्यानं ते पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"खोडरबर आहे का रे तुझ्याकडे?"

 

आणि मी लिहिलेलं 'चूक' त्यानं सावकाश खोडून टाकलं.