मानपत्र

आत्याच्या पुस्तकाला बालसाहित्याचा सर्वांत मानाचा पुरस्कार जाहीर झाला आणि तिच्या फोनला उसंत राहिली नाही. परीक्षकांकडे गेलेल्या तिन्ही प्रती कालच परत आल्या होत्या. मघापासून भुणभुण लावलेल्या भाचीच्या हातात तिनं त्यातलीच एक कोंबली. "घे, वाच आणि गप्प बस."

घटकाभरानं भाची रडवेली होऊन आली. "आत्या, हत्तीचं पिल्लू आईला सापडतं की नाही? पुढची पानं कोरीच आहेत गं!"

आत्यानं पुस्तक हिसकावून घेतलं. खरंच, शेवटची सोळा पानं कोरी होती. उरलेल्या दोन प्रतींतही तेच. तिनं तडक प्रकाशकांना फोन लावला.

"अहो, छपाईत बिघडलेल्या प्रती परीक्षकांना गेल्या! अर्धवट गोष्टीला बक्षीस कसं घेऊ मी? आत्ताच कळवते त्यांना."

"ताई, जरा दमानं घ्या," प्रकाशक म्हणाले. "मानपत्राचा मसुदा आलाय, तेवढा ऐका."



"शेवटच्या पानावरचा शब्द न् शब्द आम्हा तिन्ही परीक्षकांच्या काळजाला भिडला."