कावळा शिवेना

पुणतांब्याच्या घाटावर धाकट्या भावाचा, अमृतचा दहावा होता, आणि पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. कठड्यावर एकच बसला होता, मान वाकडी करून थेट गहिनीनाथकडं बघत.

"मोठा भाऊ हायेस, शब्द दे त्याला," मंडळींतून कुणीतरी म्हणालं.

मागं अमृतची बायको मोनिका रडत होती. गहिनीनाथनं हात जोडले. "अमृता, घोर करू नगंस. तुज्या मोनिकाला मी अंतर देनार न्हाई."

कावळा हलला नाही.

उसाचा ट्रॅक्टर त्या दिवशी खरं तर गहिनीनाथच नेणार होता. त्याची कंबर धरली म्हणून अमृत गेला, आणि कालव्याच्या पुलावर ट्रॅक्टर उलटला.

कंबर धरली नसती तर?

कावळा कठड्यावरून खाली उतरला.

गहिनीनाथ चरकला. त्यानं नजर नदीकडं वळवली, पण मन कुणाच्या बापाचं ऐकतं? अमृतला हाकच मारली नसती तर? कावळा उड्या मारत पुढं आला. किल्ली त्याच्या हातात दिली नसती तर? कावळा पिंडापाशी येऊन थांबला.

पुढचा विचार करायचा नाही, असं तो दात आवळून स्वतःला बजावत राहिला. तरी तो विचार आलाच. त्या सीटवर मी असतो तर?

मागं मोनिकाचं रडणं एकाएकी थांबलं. तिच्या जागी रतनबाईनं, गहिनीनाथच्या बायकोनं, हंबरडा फोडला.

"दादा, घोर करू नगंस," अगदी पाठीशी अमृतचा आवाज आला. "वैनीला मी अंतर देनार न्हाई."

कावळ्यानं घास उचलला.