शनिवारी जुनं कर्नल

“आजही झोपला,” गुणाजी म्हात्रे म्हणाला. सर्व्हर झोपल्याचा इतका आनंद मानपाड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात आजवर कुणाला झाला नव्हता. त्याने चहा मागवला. तीन हाका मारल्यावर तो आला.

साल शहाण्णव. गेली नऊ वर्षं कॉम्प्युटर विभाग म्हणजे गुणाजी. पहिलं मशीन आलं तेव्हा नारळ त्याने फोडला होता आणि एसीच्या त्या खोलीत चपला काढून शिरायचं, हा नियमही त्याचाच. मग ठाण्याहून सुमती देसले नोकरीला आली. तिने मशीनचं कर्नल बदललं. कर्नल म्हणजे पोटातला तो मूळ प्रोग्रॅम, ज्याच्या परवानगीशिवाय आत काही हलत नाही. मॅनेजर कर्णिकांनी तिला पेढा दिला. गुणाजीलाही दिला, पण अर्धा.

तेव्हापासून सर्व्हर मधूनच मंदावू लागला. सकाळी धावायचा, दुपारी रिपोर्ट काढायची वेळ झाली की मान टाकायचा. सुमतीने डिस्क तपासली, केबली बदलल्या, जाडजूड मॅन्युअलं वाचली. दुपारी आत रिपोर्टांची झुंबड दिसायची, पण तिला वाटलं, इथली माणसं कामसू आहेत.

गुणाजी टेबलाटेबलावर फिरायचा, आजाऱ्याला भेटायला जातात तशा चेहऱ्याने. “स्लो आहे ना? माझ्या वेळी असं नव्हतं हां.” हे तो प्रत्येकाला दोन-तीनदा सांगायचा. एकदा सांगून त्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं, घरीही नाही. सुमतीने मात्र नुसती मान वर केली तरी शिपाई कान्हा धावत यायचा. गुणाजीच्या पोटात दुखायचं ते इथे. कर्नल हे निमित्त.

शेवटी कर्णिकांनी निकाल दिला. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर शनिवारी जुनं कर्नल परत, आणि सुमती अजून प्रोबेशनवर होती, तेव्हा तीही परत. “मग विभाग तुम्हीच बघा, म्हात्रे.”

शुक्रवारी दुपारी कर्णिक स्वतः आले. सुमती टर्मिनलपाशी उभी होती. तिने टेबल आवरून ठेवलं होतं.

“तुम्ही कशाला, मॅडम? मी दाखवतो ना साहेबांना,” गुणाजी म्हणाला. त्याने चष्मा पुसला, स्टॉकच्या रिपोर्टची कमांड दिली. लगेच पुन्हा दिली. मग आणखी दोनदा. थोड्याच वेळात स्क्रीन ढिम्म झाला.

“बघा! बघा, साहेब! बघितलंत?”

“सर,” सुमतीने विचारलं, “कमांड चारदा का दिलीत?”

“एकदा देऊन ऐकतो काय तो? सगळ्यांना पहिल्या दिवसापासून मीच शिकवलंय. काय गं मंजुळा?”

अकाउंट्सच्या मंजुळाने वर न बघताच उत्तर दिलं. “चारदाच देतो आम्ही. म्हात्रेसाहेबांची शिस्त.”

सुमती खुर्चीत बसली. तिला हसू आवरेना.

“जुन्याला एका माणसाची इतकी कामं एकदम घेता येत नव्हती, सर. एक घ्यायचं आणि बाकीची टाकून द्यायचं. तुम्हाला न सांगता. नवीन चारही करायला घेतं. सगळ्यांची चारही.”

कर्णिकांनी तिच्यासाठी चहा मागवला. एकाच हाकेत आला.

गुणाजी ढिम्म स्क्रीनकडे बघत राहिला. मंदावत, धापा टाकत, पण आत त्याचे चारही रिपोर्ट इमानाने चालले होते. नऊ वर्षांत त्याचा शब्दन् शब्द ऐकणारं कोणीतरी पहिल्यांदाच या कारखान्यात आलं होतं, आणि नेमकं त्यालाच तो उद्या घालवायला निघाला होता.