चाफ्याचा भाऊबंद

“अनोळखी झाडाचं फूल देवाला वाहू नये. आधी त्याचं घराणं विचारावं,” असं सासूबाईंनी बजावलं होतं.

म्हणून टोरंटोत लेकाच्या अंगणात कुमुदिनीबाई हात जोडून उभ्या होत्या. देवाला ताजं फूल वाहिल्याशिवाय चहाही न घेण्याचा त्यांचा नेम. समोरच्या झाडावर पानाचा पत्ता नव्हता, नुसती कमळाएवढी फुलं.

“बाबा रे, तू कुणातला?”

उत्तरासाठी त्यांनी कान फांदीजवळ नेला.

“आई, शेजारी बघताहेत!” श्रीरंगने घाईघाईने फोनवर शोधलं. “मॅग्नोलिया आहे. आपल्या सोनचाफ्याचा भाऊबंद. आता तरी चहा घे.”

“अगंबाई, म्हणजे घरचाच की!” बाईंनी खोडावरून हात फिरवला. “एक फूल घेते हो. तुला काही लागलं तर मी आहे.”

संध्याकाळी श्रीरंग म्हणाला, “रात्री पारा शून्याखाली जाणार. झाड थंडीत टिकतं गं, पण फुलं काळी पडतील. उद्या दुकानातून आणू.”

“आणि तो कुडकुडत उभा राहील?”

“आई, झाड आहे ते!”

“सकाळी भाऊबंद म्हणालास.”

तो जेवायला बसला. बाईंनी पूजेची लोकरी धाबळी काढली, शिडी उचलली आणि इतक्या फांद्यांमधून कासोटा नेमका कुठून घ्यावा याचा विचार करत, तोंडात सेफ्टी पिना धरून, त्या हळूच अंगणात उतरल्या.