मेल्यानंतरचा शॉट

आमचा तेलुगू सिनेमा खुनाचा, नट सगळे नवखे आणि खिशात खडखडाट. खून झालेल्या पोराचं काम करणाऱ्या मणिदीपनं प्रेतावरची चादरसुद्धा घरूनच आणली होती. प्रेत झालेल्यानं शॉट संपला की उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, नाहीतर अपशकुन होतो, असं आमच्या लाइनीत मानतात.

"ए मढ्या, ऊठ! हास की!" दिग्दर्शक ओरडला, तसा मणिदीप उठून खदखदून हसला. घरी जाऊन त्यानं आईला, वरलक्ष्मम्मांना, ती गंमत करूनही दाखवली.

सिनेमा लागायच्या आधीच मोटारसायकलच्या अपघातात मणिदीप गेला.

तेनालीच्या थिएटरात पहिल्या खेळाला वरलक्ष्मम्मा आल्या. पडद्यावर त्यांच्या घरची चादर त्यांच्याच लेकाच्या तोंडावर ओढली गेली, तेव्हा आम्ही माना खाली घातल्या. त्या मात्र टक लावून बघत राहिल्या. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक गेले, तरी त्या जागच्या हलेनात.

"अम्मा, चला ना. संपला सिनेमा," मी त्यांचा हात धरला.

त्यांनी तो झटकला.



"गप बस रे! अजून तो उठून हसायचा राहिलाय."